केसरीनाथची हाक

केसरीनाथकाका वेडा नव्हता, हे आधीच सांगून टाकते. खारबाव स्टेशनाबाहेर रिक्षा लावून बसलेल्या कुणालाही विचारलंत तर तो उलटंच सांगेल. दर अमावास्या-पौर्णिमेला भर दुपारी खाडीच्या बांधावर एकटाच चालत, मोकळ्या शेतांकडे तोंड करून नावं पुकारणाऱ्या म्हाताऱ्याला लोक दुसरं काय म्हणणार? वर शेवटी स्वतःचंही नाव पुकारायचा आणि स्वतःच ओ द्यायचा. मीही त्याला वेडाच म्हणत होते. माझी जीभ चार लोकांपेक्षा जरा जास्तच चालते, त्यामुळे त्याच्या तोंडावर म्हणत होते. "येडा तं येडा, च्या टाक," असं म्हणून तो बाकड्यावर बसायचा.

मी वैशाली. भिवंडीत पॉवरलूमच्या गल्लीत भिस्सी चालवते. भिस्सी म्हणजे घरदार लांब ठेवून इथं लूमवर राबायला आलेल्या माणसांची खानावळ. शिफ्ट सुटली की दारात चपलांचा ढीग पडतो आणि "भाभी, दाल पतली है", "भाभी, फिर आलू" अशी गाऱ्हाणी सुरू होतात. मी कुणाचं ऐकून घेत नाही. "घर जाके बीवी को बोल," म्हणते आणि वर एक डाव आमटी जास्त वाढते.

काका उंच, हाडकुळा. अंगात कुठल्याशा कुरियरवाल्यांचा टी-शर्ट, खाली गुडघ्यापर्यंतची चड्डी, खांद्यावर फावडं. ते फावडं तो भिवंडीच्या बाजारातही खांद्यावरून उतरवायचा नाही. एकदा वळताना त्यानं माझी नवी ट्यूबलाइट फोडली आणि उलट मलाच म्हणाला, एवढ्या खाली कशाला लावलीस. आवाज असा की त्याला कुजबुजता म्हणून यायचं नाही. चालू लूमच्या खडखडाटात आम्ही सगळे ओरडून बोलतो. तो साधं बोलायचा आणि गल्लीच्या टोकाला ऐकू जायचा. कुणाच्या घरातली भानगड त्याच्या कानावर घालायची सोय नव्हती.

त्याची एक खोड मला फार चिडवायची. कुणाकडेही जेवायला बसला की घास उचलायच्या आधी विचारायचा, "भात कुठला?" लग्नाच्या पंगतीतसुद्धा. वाढणारा पोरगा बिचारा काय सांगणार? मग हा नुसतं वरण पिऊन उठायचा. मी एकदा विचारलं, काका, हे काय नाटक? तर म्हणाला, "ज्याचा खाल्ला त्याला ओ द्याया लागते. कुठला त्येच ठाव न्हाय, तं ओ कोनाला देनार?" मी हसून सोडून दिलं.

आता आमच्या शेताचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. खाडीचं खारं पाणी आणि भाताची जमीन यांच्यामध्ये माणूसभर उंचीचा मातीचा बांध आहे. बांधाला एका जागी उघाडी, म्हणजे लाकडी झडप. ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडायचं, भरतीला झडप बंद. आमचं शेत नेमकं उघाडीला लागून. चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, बांधाला बिळं पाडतात, उधाणाचं पाणी त्यात शिरतं आणि बघता बघता भगदाड पडतं. त्याला खांड म्हणतात. खांड एकाच्या शेतासमोर पडली तरी खारं पाणी सगळ्यांच्या भातात जातं आणि पुढची काही वर्षं तिथं धड गवतही उगवत नाही. म्हणून पूर्वीपासून रीत अशी की उधाणाच्या दिवशी, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेला, प्रत्येकानं फावडं घेऊन आपल्या शेतासमोर बांधावर उभं राहायचं आणि एकानं या टोकापासून त्या टोकापर्यंत नावं पुकारत जायचं. "रामू होऽऽ!" "हाय!" ओ आली म्हणजे माणूस जागेवर आहे, बांध ठीक आहे. ओ आली नाही की सगळ्यांनी तिकडे पळायचं. हाकेचा मान काकाच्या घराकडे होता. त्याचा आजा हाक मारायचा, बाप मारायचा, मग तो.

मग माणसं गेली. काही मेली, काहींची पोरं ठाण्या-कल्याणकडे गेली, काहींनी जमिनी गोदामवाल्यांना देऊन दारात गाड्या उभ्या केल्या. बांधाच्या आत मोजकीच शेतं पिकती राहिली, तीही काका आणि त्याच्यासारखे दोघं-तिघं म्हातारे अर्धेलीनं कसायचे. हाक मात्र चालू राहिली, त्याच जुन्या नावांनी. त्यात माझ्या आईचंही नाव होतं.

माझी आई, कमळ. बाप लवकर गेला आणि ते शेत तिनंच कसलं. बाईमाणूस बांधावर कशाला, असं म्हणणाऱ्यांना तिनं फावड्याचा दांडा दाखवला होता. तिला दमा होता. काही बोलायच्या आधी बारीक खोकायची, "ख्हं", आणि मग बोलायची. घरात अंधार असला तरी त्या खोकल्यावरून ती कुठं बसलीय ते कळायचं. ती जाऊन चार पावसाळे झाले होते. शेत माझ्या आणि धाकट्या भावाच्या, दीपेशच्या नावावर झालं. आम्ही दोघंही त्यानंतर बांधाकडे फिरकलो नव्हतो.

काका मात्र दरवर्षी आमच्या वाट्याचा तांदूळ घेऊन भिस्सीवर यायचा. खाऱ्या जमिनीतला राता, लालसर, जाडा. पहिल्या वर्षी मी तो कामगारांना वाढला तर गहजब झाला. "भाभी, चावल सड़ गया क्या?" मी म्हटलं, खाना है तो खाओ. आठवडाभरानं तीच माणसं बाजारच्या पांढऱ्या भाताकडे बघून तोंड वाकडं करायला लागली. लाल भात पोटात जास्त वेळ राहतो, शिफ्ट संपेपर्यंत भूक लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. मग मी बांधाच्या आतल्या सगळ्याच शेतांचा तांदूळ घ्यायला लागले, भाजीही खारबावकडच्या बायकांची. काका खूश झाला. "तुज्या भिस्सीत आता मना इचारायला नको," म्हणाला आणि तरी दर वेळी विचारायचाच.

अशाच एका दुपारी राहनाळच्या गोदामात हमाली करणारा गोरखपूरचा माणूस जेवत होता. तो उगाच बोलणाऱ्यांतला नाही. म्हणाला, "भाभी, हमारे गोदाम में कुछ गड़बड़ है. मुकादम दोपहर को हाजिरी लेता है, तो एक आवाज़ ज़्यादा आती है. फिर से गिनो तो आदमी उतने ही."

"कोई मस्करी करता होगा," मी म्हटलं.

"मस्करी कौन करेगा? हम लोग 'हाँ' बोलते हैं. वो 'हाय' बोलता है, तुम्हारे गाँव के माफिक. नीचे से आता है, फरशी के नीचे से."

काका शेजारीच जेवत होता. त्याचा हात ताटात थांबला. "रोज येतो?" त्यानं विचारलं.

"नहीं चाचा. महीने में एक-दो बार."

अर्धं ताट ठेवून काका उठला. अन्न टाकणारा माणूस नव्हता तो, म्हणून माझ्या ध्यानात राहिलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत दीपेशचा फोन आला. दीपेश वाईट नाही, पण त्याच्या लेखी ते शेत म्हणजे खारट चिखल. एका गोदामवाल्याला ती सगळी पट्टी विकत घेऊन भराव टाकून उंच करायची होती आणि डंपर आत जायला वाट आमच्याच शेतातून होती. उघाडी बुजली की आतलं पाणी बाहेर जाणार नाही, मग बाकीचे आपोआप जमिनी सोडतील. "ताई, तुझी सही झाली की झालं," दीपेश म्हणाला. मी हो म्हटलं. तांदूळ काय, बाजारातही मिळतो. पण जमीन कसणाऱ्याला तोंडावर सांगायला हवं, एवढी लाज मला होती. म्हणून माघातल्या अमावास्येला मी खारबावला गेले.

शेत वाळलेलं होतं. भाताची धसकटं आणि भेगाळलेली जमीन, दुसरं काही नाही. ऊन डोक्यावर आलं होतं. बांधापलीकडे खाडी आवाज न करता चढत होती. काका पार लांबच्या टोकाला दिसला. मी हात केला, त्यानं थांब म्हणून खूण केली आणि शेतांकडे वळून हाक दिली.

"रामू होऽऽ!"

"हाय!"

मला वाटलं, कुणी म्हातारा बांधाआड बसला असेल. काका पुढं आला. "मैना होऽऽ!" बाईच्या पातळ आवाजात "हाय" आलं. मैनाआजीच्या बाराव्याला मी स्वतः जेवले होते. तिच्या शेतात एक बगळा होता, तोही मान वळवून बघत होता. गोदामांच्या पत्र्यांवरून आवाज परत येत असेल, असं मी मनाला सांगितलं. पण पत्र्यावरून आला तर "मैना" परत येईल, "हाय" कुठून येईल? तेवढ्यात काका माझ्यासमोर आला. माझ्याकडे त्यानं बघितलंही नाही. शेताकडे तोंड करून म्हणाला, "कमळ होऽऽ!"

माझ्या उजव्या बाजूला, हात लांब केला असता तर लागली असती इतक्या जवळून, कुणीतरी खोकलं. "ख्हं." आणि मग, "हाय."

मी घाबरले असं तुम्हाला वाटेल. पण पहिल्यांदा मला आनंदच झाला. "आई!" म्हणून मी वळले. शेजारी कुणी नव्हतं. सगळं शेत कोरडं ठणठणीत आणि तिथं मात्र दोन पावलांपुरती जमीन ओली होती. मी खाली बसून हात लावला. पाणी गार होतं आणि जिभेला लावलं तर खारं लागलं. तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

काका उरलेली नावं घेत टोकाला गेला. "केसरीनाथ होऽऽ!" स्वतःच ओरडला आणि स्वतःच "हाय!" म्हणाला. मग फावडं खांद्यावर टाकून माझ्याकडे आला. "काय काम काडलंस, बाय?" मी म्हटलं, काही नाही, सहज आले होते.

पुढच्या पौर्णिमेला मी पुन्हा गेले. मग अमावास्येला. भिस्सी मदतनीस बाईवर, चंद्रावर, टाकायची आणि रिक्षा धरायची. गोरखपूरवाला म्हणायला लागला, भाभी का कोई चक्कर है. एकदा मोबाइलवर आवाज धरायला बघितला. घरी येऊन लावला तर काकाची हाक आली, मग नुसता वारा. दीपेशला मी आज पाय दुखतो, उद्या गॅसवाला येणार, असं करत सही पुढं ढकलली. तो वैतागला. मी त्याच्यावर ओरडले. खरी गोष्ट एवढीच होती की महिन्यातून दोनदा मला माझी आई ऐकू येत होती, आणि मला बाकी काही नको होतं.

पण उन्हाळा चढला तसा तिचा खोकला वाढला. आधी एकदा खोकून ओ द्यायची. चैत्रात दोनदा खोकायला लागली. वैशाखात श्वास लागल्यासारखा आवाज यायचा, मग कसंबसं "हाय". ओल्या जागेत आता माझा पाय घोट्यापर्यंत रुतत होता. त्या दिवशी काका माझ्यापाशी थांबला.

"तू ऐकाया येतेस," तो म्हणाला. "ओ द्याया येत न्हायस."

"म्हणजे?"

"कागदाव नावं फिरवलीत तुमी. बांदाव कोन आलं? इथली नावं कागदानं उतरत न्हायत, बाय. ज्यानं भात खाल्ला तो येतो, उभा ऱ्हातो आन आपल्या नावानं ओ देतो. मंग आदीचा मानूस मोकळा होतो. कोन आलंच न्हाय, तं तो शेत टाकून जाल कसा?"

मी भडकले. "मग सांगितलं का नाहीस? तिचा दमा कसा होता, तुला ठाऊक होतं ना? चार वर्षं तिला उधाणात उभी ठेवलीस?"

त्यानं खाली बघितलं. "सांगाचं नसतं. बोलावून आनलेला एकदा ओ देतो आन जातो. मंग फुडल्या उधानाला त्याचं नाव घेतलं आन तो नसला, तं त्याच्या वाट्याला खांड पडते. म्हनून माजं सोडून मी जित्याचं नाव घेत न्हाय. मेलेली बिचारी इमानानं ओ देतात."

मी रडत रडत विचारलं, "आणि भराव टाकला तर? मग तर ती सुटेल ना?"

विक्रीचं त्याला तेव्हाच कळलं. तो रागावला नाही. "राहनाळच्या गोदामाखाली बी शेतंच व्हती," तो म्हणाला. "बांद गेला, हाक मारनारा गेला. ती अजून उभीच हायेत. कोनी बी कोनाचं नाव पुकारलं की ओ देतात."

तेव्हाच मी एक शब्द बोलले असते तर आई सुटली असती. नाही बोलले. ओ दिली की ते शेत जन्माचं गळ्यात, हे कारण मी दीपेशला सांगायला ठेवलं होतं. खरं कारण दुसरंच होतं. मी ओ दिली असती तर आईचा आवाज पुन्हा आला नसता, आणि तो गमवायची माझी तयारी नव्हती.

आषाढात काकानं दोघा म्हाताऱ्यांना घेऊन लावणी केली, आमच्या शेताचीही. श्रावणात त्याला ताप भरला. भिवंडीच्या दवाखान्यात मी त्याच्यासाठी पेज घेऊन गेले. त्याचा घसा पार बसला होता. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला कुजबुजताना ऐकलं. "भात कुठला?"

"आपल्याच बांधावरचा, काका."

"मंग चालंल," म्हणाला आणि वाटी संपवली. बांधाचं, आईचं, सहीचं एका शब्दानं काढलं नाही. तिसऱ्या दिवशी गेला. त्याचा मुलगा देवेश पनवेलला नोकरीला असतो. तो आला, दिवस केले आणि परत गेला.

मग मी बांधावर जायचं बंद केलं. हाक मारणाराच गेला, आता ओ कसली यायची? दीपेशला म्हटलं, ठरव तुझा दिवस. तो म्हणाला, पितृपक्षात नको, घटस्थापनेला करू.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी सर्वपित्री. आईचं पान वाढून मी भिस्सीच्या पत्र्यावर ठेवलं. लाल भात, वरण, वडा, खीर. गल्लीतल्या सगळ्यांची पानं कावळ्यांनी केव्हाच फस्त केली. आमच्या पानाजवळ एक कावळा आला, मान वाकडी करून बघितलं आणि उडाला. दरवर्षी हेच व्हायचं. दीपेश म्हणायचा, तिला सुकटाचं कालवण हवं असेल, तू खीर कसली ठेवतेस. पण मला आता कळलं होतं. कावळा कसा शिवेल? ती गेलीच नव्हती. मी पान उचललं, तसंच केळीच्या पानात गुंडाळलं आणि रिक्षा करून खारबावला निघाले. जाऊन काय करणार होते, मला ठाऊक नव्हतं. सही करायच्या आधी निदान तिच्या जागेवर पान ठेवावं, एवढंच मनात होतं.

भात लोंब्यांवर आला होता. आजवर बघितलं नव्हतं इतकं पाणी खाडीला चढलं होतं, बांधाच्या काठाला लागून हलत होतं. चिंबोऱ्यांच्या बिळांतून बुडबुडे येत होते. उरलेले म्हातारे घरोघर पानं वाढत असतील, बांधावर चिटपाखरू नव्हतं. मी पान घेऊन आमच्या शेतासमोर उभी राहिले.

लांबच्या टोकाकडून हाक आली. "रामू होऽऽ!"

काकाचाच आवाज, दवाखान्यातला नव्हे, पहिला, गल्लीच्या टोकाला जाणारा. रामूची ओ आली. मैनाआजीची आली. आवाज जवळ येत होता. बांध रिकामाच होता, पण वाटेतली चिंबोऱ्यांची पिल्लं भराभर दोन्ही बाजूंना पळत होती, माणूस चालत आला की पळतात तशी. ती पळापळ माझ्यासमोर येऊन थांबली.

"कमळ होऽऽ!"

माझ्या उजव्या हाताला आई खोकली. एकदा, मग पुन्हा, मग खोकतच राहिली. श्वास लागत होता, शब्द फुटत नव्हता. माझ्या पायाशी बांधातून पाण्याची धार सुटली, बारीक, मग मनगटाएवढी. बिळाची माती आत सरकताना मला दिसत होती. हाक पुन्हा आली, "कमळ होऽऽ!" आणि आई ओ द्यायची धडपड करत होती. मला ते ऐकवेना. भिस्सीत हिंदी बोलून बोलून मी गावची बोली विसरल्यागत झाले होते, पण तोंडातून तीच आली.

"कमळ न्हाय, काका! वैशाली हाय!"

खोकला थांबला. बाजूला एक लांब श्वास सुटला, डोक्यावरचा भारा खाली टाकल्यावर ती सोडायची तसा. मग तिथं काही राहिलं नाही. मी ज्याच्यासाठी सात-आठ महिने धावत होते ते संपलं, हे मला त्याच क्षणी कळलं आणि मी मोठ्यानं रडले. पण बांध गळत होता. मी गुडघ्यांवर बसले, हातातलं पान, त्यातला भात, वडा, सगळं त्या बिळात कोंबलं आणि दोन्ही हातांनी चिखल ओढून वरून थापत राहिले. धार बारीक झाली. मग थांबली.

"वैशाली होऽऽ!" समोरून हाक आली.

"हाय!" मी म्हटलं.

चिंबोऱ्या पुढं पळत गेल्या. शेवटच्या टोकाला "केसरीनाथ होऽऽ!" झालं आणि त्याच आवाजात "हाय!" आलं.

दुसऱ्या दिवशी मी सही केली नाही. दीपेश भांडला, अजून नीट बोलत नाही. हाकेला त्याच्या पुढच्या पौर्णिमेपासून मी जाते, कारण काकाची हाक पुन्हा आली नाही आणि कुणीतरी जायलाच हवं. पहिल्या दिवशी टोकाला उभी राहून आधी खोकले, आईसारखीच, आणि मग नाव घेतलं. आता दुपारचं जेवण त्या दिवशी उशिरा मिळतं म्हणून भिस्सीत कुरकुर असते. एकदा अमावास्या शुक्रवारी आली, लूम बंद होते, तर गोरखपूरवाला गोदामात सुट्टी टाकून लूमवरची चार माणसं घेऊन बिळं बुजवायला आला. मी रामूचं नाव घेतलं. रामूच्या मागं कुणी नाही. गोरखपूरवाला हातातला चिखल टाकून उभा राहिला आणि आपलं नाव सांगून म्हणाला, "हाय!" मी त्याला काही सांगितलं नव्हतं. तेव्हापासून तो दर उधाणाला खाडा करून येतो. राहनाळला मात्र अजून एक आवाज जास्त येतो. तिथला भात खाल्लेलं आता कुणी उरलेलं नाही.

यंदाच्या सर्वपित्रीला मी पान ठेवून हात काढायच्या आत कावळा उतरला आणि त्यानं आधी भात खाल्ला. सुकटाचं कालवण नव्हतंच.

हाक मारताना शेवटचं नाव केसरीनाथचं. ते घेतलं की टोकाकडून खणखणीत "हाय!" येतं. देवेशला मी काही बोलले नाही, सांगायचं नसतं. त्याच्या वाट्याचा तांदूळ मात्र दरवर्षी पनवेलला पाठवते. गेल्या अमावास्येला ओ यायला जरा वेळ लागला. मी दुसऱ्यांदा नाव घेतलं तेव्हा आली, आणि आवाज थोडा बसलेला होता. त्या दिवसापासून मला नीट झोप नाही.

काल देवेशचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलला, आणि मग जरा थांबून म्हणाला, "वैशालीताई, हा भात कुठला?"